तोकडा सेकंद

येरमाळ्याच्या हायवेवर रेडिओ दुरुस्तीवाल्या चाचांनी मला ट्रक मोजायला उभं केलं, तेव्हा मी जवळच्याच वाशी गावातल्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागून वर्ष झालं होतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून ट्रक मोजायचं माझं वय नव्हतं, आणि तेवढा नम्रपणा तर माझ्यात कधीच नव्हता. पण रेडिओची लहर मोजणारा फ्रिक्वेन्सी काउंटर कसा चालतो हे चाचा तोंडानं सांगायला तयार नव्हते. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "एक मिनिट. बार्शीकडं जाणारे तेवढेच मोज."

सात निघाले. मग घड्याळ त्यांनी स्वतःकडे घेतलं. "आता म्या 'बस्' म्हणलं की थांबायचं." पण त्यांनी पस्तीस-चाळीस सेकंदांतच बस् म्हटलं आणि माझे चारच ट्रक झाले.

"तीन ट्रक कुठं गेले?" चाचांनी विचारलं.

"कुठं जातील? तुम्ही मिनिट पुरं होऊ दिलं न्हाय."

"तेच सांगालोय. मोजणारा शाना आसून भागत न्हाय. घड्याळ खरं पायजे."

ट्रक काही ठरल्या अंतरानं येत नाहीत, त्यामुळे हा प्रयोग शास्त्राला धरून नाही, असं मी लगेच सुनावलं. चाचा म्हणाले, "लहरी येतात ठरल्या अंतरानं." आणि चहा सांगायला निघून गेले.

काउंटरचं सगळं काम त्यात आलं होतं. आत येणाऱ्या लहरीचे तो सुटे ठोके करतो, एक फाटक बरोबर एक सेकंद उघडं ठेवतो आणि तेवढ्यात जितके ठोके आत शिरले तितका आकडा दाखवतो. सेकंदात एकाहत्तर लाख ठोके शिरले की ७१०० किलोहर्ट्झ. मोजणं सोपं आहे, अवघड आहे ते फाटक. ते उघडायचं आणि मिटायचं काम एका क्रिस्टलकडे असतं. नखाएवढ्या डबीत गारगोटीच्या जातीच्या दगडाची चकती, सेकंदाला एक कोटी वेळा थरथरणारी. तिचे एक कोटी भरले की यंत्र म्हणतं, सेकंद संपला. ती जरा घाईनं थरथरली की सेकंद तोकडा होतो, ठोके कमी शिरतात, आकडा कमी दिसतो. मग माणूस डायल फिरवून आकडा पुरा करतो आणि खऱ्या जागेच्या वर जाऊन बसतो. समोर लाल आकड्यांत मात्र सगळं बरोब्बर दिसत असतं. क्रिस्टलच्या शेजारी ट्रिमर नावाचा बारका स्क्रू असतो. तो केसभर फिरवून घाई काढता येते, पण त्यासाठी बाहेरचा कसला तरी खरा आधार लागतो. काउंटरला आपलं आपल्याला काही कळत नाही.

चाचांचं येरमाळ्यात रेडिओ, अँप्लिफायर आणि लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं, अजून आहे. पुढच्या बाजूला यात्रेला भाड्यानं द्यायचे भोंगे, मागच्या बाजूला पडद्याआड त्यांचा स्वतःचा सेट. हौशी रेडिओचा परवाना त्यांनी तरुणपणी काढला होता, आणि तो एकट्यानं नव्हे. बार्शीचे एक शाळामास्तर आणि चाचा, दोघं एकाच दिवशी परीक्षेला बसले, एकाच एसटीनं परतले आणि चाळीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला ७१०० वर एकमेकांशी बोलत राहिले. हळूहळू भोवती आणखी पाच-सात जण जमले. अशा ठरल्या वेळेच्या बैठकीला आम्ही नेट म्हणतो. एरवी एकमेकांना अरे-तुरे करणारे हे दोघे रेडिओवर मात्र अहो-जाहो करायचे. चार लोक ऐकतात म्हणून. मी त्यात शिरले ती चाचांची चेली म्हणून. तेरखेड्याला माझ्या घरावर एरियलची तार बांधायला चाचा या वयात स्वतः शिडीवर चढले होते.

चाचांच्या सेटला चकचकीत पडदा वगैरे काही नव्हतं. घरी बनवलेला तो डबा. बोलण्याआधी ट्यूनचं बटण दाबून नुसती लहर सोडायची, तिला काउंटर लावायचा, ७१००.०० आलं की हात काढायचा. एकदा आकडा बसला की ते डायलला पुन्हा शिवत नसत. माझा सेटही त्यांच्याच सेटची नक्कल होता, काउंटरही तसाच. फरक इतकाच की मी ऐकण्यापुरतं सरकवायचं एक जादा बटण लावून घेतलं होतं. कुणाचा आवाज जरा वेडावाकडा आला की माझा हात आपोआप त्या बटणावर जायचा. नाकावरचा चष्मा सारखा करावा तसा, न कळत.

चाचांची एक रीत होती. खंडेनवमीला बाजारातले सगळे आपापली हत्यारं धुऊन-पुसून पुजतात. शेजारचा टायरवाला चाचांच्या सोल्डरिंगच्या बंदुकीवरही झेंडूचं फूल ठेवून जायचा. चाचा म्हणायचे, "तुमी पूजा करा, आमी मिलान करतो." मिलान म्हणजे काउंटर ताळ्यावर आणणं. दहा मेगाहर्ट्झवर परदेशातली केंद्रं अचूक लहर सोडतात. रिसीव्हरवर ती लावायची आणि आपल्या क्रिस्टलची लहर तिच्यात मिसळायची. दोघींत फरक असेल तर शिट्टी ऐकू येते. स्क्रू फिरवत जावं तशी ती खाली उतरते, घोगरी होते आणि फरक मिटला की थांबते. शिट्टी मेली की मिलान झालं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी त्यांच्या काउंटरचं क्रिस्टल नवमीच्या आदल्या आठवड्यात गेलं. जुन्या कॉम्प्युटरच्या बोर्डावरून काढलेलं दुसरं त्यांनी बसवलं. मिलान करायची वेळ आली तेव्हा ते मला म्हणाले, "बेटा, मला आता खालची शिट्टी लागत न्हाय. तू कर." सत्तरी उलटलेली होती. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी कानाला हेडफोन लावून बसले. रस्त्यापलीकडच्या दुकानांनी सणाच्या विजेच्या माळा लावल्या होत्या, त्यांची खरखर रेडिओत सगळीकडे भरली होती. त्या खरखरीत परदेशातलं ते केंद्र मला सापडेना. दहा मिनिटं शोधलं, आणि माझा धीर दहा मिनिटांच्या वर कधी टिकलेला नाही. माझा काउंटर त्या दिवशी स्कूटीच्या डिकीत होता. तो आणून शेजारी ठेवला, दोन्हींना एकच लहर लावली आणि दोघांचे आकडे सारखे दिसेपर्यंत चाचांच्या काउंटरचा स्क्रू फिरवला. माझा काउंटर चाचांच्याच जुन्या काउंटरवरून लावलेला होता, म्हणजे खराच असणार. तो लावून सहा वर्षं झाली होती, तो दर उन्हाळा पत्र्याखाली तापत होता आणि तेरखेडा ते येरमाळा डिकीत हादरत आला होता, याचा विचार मी केला नाही.

"झालं?"

"झालं."

"शिट्टी मेली?"

"मेली," मी म्हणाले. मी शिट्टी ऐकलीच नव्हती.

त्यानंतर महिनाभरात चाचा नेटवर कमी बोलू लागले. मी दुकानात गेले तेव्हा कारण कळलं. "समदे बदकावानी बोलायलेत. मास्तर तर बाईच्या आवाजात बोलतंय. तुझा आवाज तेवढा सरळ येतोय, बेटा." मी हसले. ते हसले नाहीत. त्यांचे वडील शेवटची दहा वर्षं ठार बहिरे होते, आणि सुरुवात अशीच झाली होती, असं ते म्हणाले. काउंटर बरोबर होता. मग बिघडलंय काय, तर कान. त्यांनी कानाचं यंत्र घेतलं. यंत्र लावल्यावर बदकं मोठ्यानं बोलू लागली.

आज हे लिहिताना माझा मलाच संताप येतो. अख्खा तास मी याच विषयावर शिकवते. रिसीव्हर वर सरकलेला असला की आमच्या बँडवर दुसऱ्याचा आवाज चिरका येतो, आपला त्यांना घोगरा जातो, आणि दोन सेट सारखेच सरकलेले असले तर त्यांना एकमेकांचं सरळ ऐकू येतं. म्हाताऱ्यानं मला उत्तरासकट गणित दिलं होतं. मी त्यांना कानाचे डॉक्टर सुचवले.

मग एका सकाळी मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "दोस्त, एक सांगू का, राग मानू नका. तुम्ही चारशे-सव्वाचारशे हर्ट्झ वर आहात. बरेच दिवस झाले. जरा खाली या." मास्तरांचा स्वर मऊ होता. पण चाचांच्या चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांना कुणी ऐकवलेलं नव्हतं. येरमाळ्याचा आकडा म्हणजे आकडा, अशी त्यांची ख्याती होती. नवे लोक आपले सेट त्यांच्या आवाजावर लावून घ्यायचे.

त्याच दिवशी कॉलेज बुडवून मी काउंटर घेऊन गेले. दोन्ही शेजारी ठेवले. दोन्हींवर तोच आकडा, शेवटच्या हर्ट्झपर्यंत. दोन यंत्रं, दोन क्रिस्टलं, आणि उत्तर एक. माझी छाती फुगली. दुसऱ्या सकाळी नेटवर मीच बोलले, चाचांना बोलू दिलं नाही. "मास्तर, आम्ही दोन काउंटरांवर तपासलंय. दोन्ही खोटं बोलणार नाहीत. तुमचंच यंत्र एकदा बघून घ्या. नाहीतर कान."

मग मास्तर म्हणाले, "बरं." एवढंच.

मी स्वतःही तेवढीच वर होते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या जादा बटणामुळे माझ्या कानालाही ते कधी कळलं नव्हतं. नंतर एकानं कबूल केलं की सगळ्यांना माहीत होतं, पण माझ्या तोंडाला कोण लागणार.

दोन दिवसांनी चाचांनी ७१०० सोडलं. आम्ही दोघं ७१३० वर जाऊन बसलो. तिथं दुसरं कुणी नसायचं. चाचांना माझा आवाज सरळ यायचा, मला त्यांचा. जवळजवळ दोन वर्षं आम्ही रोज सकाळी तिथं बोललो, आणि बोलण्यात रोज मास्तर असायचे. सुरुवात चाचा करत, "चाळीस सालाचा दोस्त, आन् समद्यांसमोर?" तेल मी घालत असे. रिटायर झाल्यावर मास्तरांना तपासायला वह्या मिळेनात म्हणून लोकांचे आकडे तपासत बसतात, असं मी एकदा म्हणाले आणि चाचा पोटभर हसले. ते हसले की मला बरं वाटायचं. मग मी रोज काहीतरी नवं शोधून आणायची. मास्तरांच्या बोलण्याची नक्कलही करायची.

येरमाळ्याहून बार्शी एसटीनं तास-सव्वा तास. चाचा गेले नाहीत. मी तर विषयही काढला नाही.

चैत्रात, येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेच्या दिवसांत, मोबाइलवरच्या आमच्या गटात निरोप आला की मास्तर गेले. मी दुकानात धावले. चाचा भोंग्यांच्या वायरी सोडवत बसले होते. "यात्रेचं काम हाय," ते म्हणाले. "माणसं ताटकळत्यात." वायर हातात तशीच होती, तिची एकही गाठ सुटत नव्हती. मी बसले, उठले आणि कॉलेजला गेले. बार्शीला मातीला आम्हा दोघांपैकी कुणी गेलं नाही.

त्याच पावसाळ्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी मी एक छोटं मॉड्यूल मागवलं. ते उपग्रहांकडून वेळ घेतं आणि दर सेकंदाला एक ठोका देतं, अगदी अचूक. मुलांना दाखवायला काहीतरी हवं म्हणून मी घरचा काउंटर नेला होता. फाटक त्याच्या क्रिस्टलच्या भरवशावर न ठेवता उपग्रहाच्या सेकंदावर उघडायचं आणि त्याचंच क्रिस्टल मोजायचं. एक कोटी यायला हवे होते. आले एक कोटी सहाशे पाच.

मी पुन्हा मोजलं. मॉड्यूल खिडकीत ठेवून मोजलं. मग मैदानात नेऊन मोजलं. मुलांना वाटलं, बाई प्रयोग फार मन लावून करतायत. वहीत भागाकार केला. ७१०० वर चारशे तीस हर्ट्झ, वर. मास्तरांनी नुसत्या कानानं ऐकून चारशे-सव्वाचारशे म्हटलं होतं. तास संपल्याची घंटा झाली, मुलं गेली आणि मी प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून राहिले. चाचांचं कानाचं यंत्र, बदकं, मास्तरांचं ते "बरं", सगळं एकामागून एक समोर येत गेलं. लाज वाटली म्हणणं कमी आहे.

चाचांना सांगितलं, पण निम्मंच. क्रिस्टल सरकलं होतं, मी म्हणाले. दोन्ही यंत्रं सारखीच सरकली, योगायोग. चाचांनी मॉड्यूलवर स्वतःचा काउंटर लावून पाहिला, स्क्रू स्वतः फिरवला, सेट खाली आणला आणि ७१०० वर कान दिला. कुणीतरी पिकांबद्दल बोलत होतं. सरळ, नीट, माणसाच्या आवाजात. चाचांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. आनंद वगैरे काही दिसला नाही. मग म्हणाले, "म्हंजी मास्तर खरं बोलला. चल बार्शीला. त्याच्या घरी सांगाय पायजे."

मास्तरांच्या बायकोनं आम्हाला ओळखलं. चाचांना तर नाव विचारायचीही गरज पडली नाही. पाणी दिलं, बसा म्हणाल्या. चाचा खुर्चीच्या काठावर बसले आणि एका दमात बोलून गेले. "वहिनी, चूक आमची व्हती. मास्तर बरोबर व्हता. त्याला सांगता आलं न्हाय म्हणून तुमाला सांगाय आलो."

त्या म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं की." आणि उठून आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

सेट जसाच्या तसा होता, वर धुतलेला पंचा झाकलेला. डायलच्या बाजूला एक कागदाची पट्टी चिकटवलेली होती. मास्तरांचं अक्षर, शाळेच्या फळ्यावर असतं तसं. '७१३०.४३. येरमाळा.'

आमच्या काउंटरवर ७१३०.०० दिसायचं. खरी जागा ही होती. त्यांनी आम्हाला शोधून काढलं होतं आणि आमच्या चुकीसकट आमच्यावर डायल लावून ठेवला होता.

"रोज साडेसहाला बसायचे," त्या म्हणाल्या. "तुमचं दोघांचं संपेपर्यंत. दवाखान्यात नेलं त्या सकाळीसुद्धा."

"बोलला न्हाय कधी," चाचा म्हणाले.

"मी म्हणायची, बोला की, एवढं ऐकताय तर. म्हणायचे, मी बोललो तर ते तिथूनही उठून जातील. मग मला आवाज कुठं सापडायचा." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमची नक्कल ऐकून कधी हसायचे. कधी मध्येच उठून अंगणात जायचे."

त्यांनी हे टोचून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्या फक्त सांगत होत्या. तिथंच भिंतीला टेकून मी सगळं बोलून टाकलं: क्रिस्टल आपोआप सरकलं नव्हतं, मिलान मी केलंच नव्हतं, चाचांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, आणि पुढं मास्तरांना खोटं पाडलं तेही त्याच खोट्याच्या जोरावर. बोलताना मी वहिनींकडे बघत होते. चाचांकडे बघायची हिंमत नव्हती.

चाचांनी पंचा उचलला, सेटवर नीट घातला, चारी कोपरे ओढून सारखे केले. मग वहिनींना हात जोडले आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. परतीच्या एसटीत ते पुढच्या बाकावर बसले, मी मागच्या.

त्यालाही आता वर्ष होत आलं. दुकानात गेले तर चाचा बसायला स्टूल देतात, चहा सांगतात, घरच्यांची विचारपूस करतात. रेडिओचं काही बोलत नाहीत. ७१०० च्या नेटवर ते गेलेले नाहीत. ७१३० वर मी रोज साडेसहाला बसते, आता खऱ्या ७१३० वर. तीन वेळा हाक देते आणि पाच-पाच मिनिटं थांबते. उत्तर येत नाही. पण पडद्यामागचा सेट धुळीनं भरलेला नाही, हे मी पाहिलंय, आणि हेडफोन दर वेळी वेगळ्या जागी असतो. ते ऐकत असतील. मी स्वतःबद्दल काय बोलावं, हे मला त्या वेळी सुचत नाही. म्हणून मी हवापाणी सांगते, तेरखेड्यात सकाळी किती थंडी आहे ते सांगते आणि सेट बंद करते.